ईसीजीवरून कोणती धमनी बंद आहे हे ओळखायला कसं शिकावं? (सल्ला हवा)

रातपाळी:
नमस्कार मंडळी. नुकतीच कॅज्युअल्टीत रुजू झाले आहे. एसटी (ठोक्याच्या सुळक्यानंतरचा, एरवी सपाट असणारा भाग) वर गेलाय हे आता दिसतं. लीड्सपैकी (ईसीजीचे हृदयाकडे बघण्याचे कोन) व्ही१ ते व्ही४ म्हणजे अँटीरियर (पुढची भिंत), २-३-एव्हीएफ म्हणजे इन्फिरियर (खालची भिंत), इथवर गाडी येते. पण परवा फोनवर कार्डिओलॉजिस्ट सरांनी विचारलं, "आरसीए वाटते की सर्कमफ्लेक्स?" (म्हणजे हृदयाची उजवी धमनी की डावीची मागे वळणारी शाखा) आणि माझी दातखीळ बसली. तक्ते पाठ करते, दोन दिवसांत विसरते. तुम्ही कसे शिकलात? आणि खरं सांगा, याने रुग्णाला काही फरक पडतो का? अँजिओत दिसणारच असतं ना?

जुनी_पट्टी:
तक्ता बाजूला ठेव. कागदावर एक वर्तुळ काढ, समोर रुग्ण उभा आहे असं समजून. रुग्णाच्या डावीकडे आडवी रेघ, ० अंशावर, ती लीड १. तिथून खाली ६० वर लीड २, सरळ खाली ९० वर एव्हीएफ आणि १२० वर, रुग्णाच्या उजवीकडे झुकलेली, लीड ३. डाव्या खांद्याकडे उणे ३० वर एव्हीएल. हे चित्र डोळे मिटून काढता आलं की निम्मं काम झालं.

आता आरसीए उजव्या बाजूने खाली उतरते. ती बंद पडली की एसटीचा रोख खाली आणि उजवीकडे जातो. म्हणून ३ मधला एसटी २ पेक्षा उंच, आणि ३ च्या जवळजवळ समोर बसलेली एव्हीएल खाली गेलेली. लीड १ सुद्धा खाली. सर्कमफ्लेक्स डावीकडून मागे वळते, तिच्यात रोखही डावीकडे आणि मागे. तेव्हा २ मधला एसटी ३ इतका किंवा जास्त, लीड १ सपाट किंवा किंचित वर, आणि बऱ्याचदा व्ही१ ते व्ही३ खाली. बहुतेक इन्फिरियर अटॅक आरसीएचेच असतात, त्यामुळे न बघता आरसीए म्हटलंस तरी पुष्कळदा बरोबर ठरशील. पण ते ज्योतिष झालं.

मी स्वतः आधी एव्हीएल बघतो. इन्फिरियर अटॅकच्या अगदी सुरुवातीला कधी कधी खालच्या लीड्स "ठीक वाटतात" आणि एव्हीएल आधीच वाकलेली असते.

फरक पडतो का? माझ्या उमेदवारीतली गोष्ट. इन्फिरियर अटॅक, छातीत दुखतंय, बीपी बरं. मी जिभेखाली नायट्रेटची गोळी दिली. पाच मिनिटांत सिस्टॉलिक सत्तरवर, माणूस घामाने थबथबलेला. आरसीए सुरुवातीलाच बंद होती, उजवी जवनिका (हृदयाचा उजवा खालचा कप्पा) अटॅकमध्ये सापडलेली. अशा वेळी हृदय परत येणाऱ्या रक्तावर चाललेलं असतं आणि मी तेच कमी केलं. सलाईन चढवून सावरला, पण ती रात्र विसरलो नाही. तेव्हापासून इन्फिरियर दिसलं की व्ही४ची तार काढून उजव्या बाजूला त्याच जागी (बरगड्यांमधली पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यातून खाली) लावतो आणि व्ही४आर काढतो. तिथे एसटी वर असेल तर नायट्रेट नाही. आणि हे लगेच करायचं, कारण हा बदल काही तासांत पुसून जातो.

कॅथलॅबवाला:
वरच्यांना +१. एव्ही नोडला (ठोक्याचा संदेश वरून खाली पोचवणारी गाठ) रक्त बहुतेकांत आरसीएतूनच जातं, म्हणून इन्फिरियरमध्ये नाडी मंद होणं, हार्ट ब्लॉक येणं हे जास्त. पेसिंगची (यंत्राने ठोके देण्याची) तयारी ठेवायला तेवढाच इशारा पुरतो.

एलएडीबद्दल (हृदयाच्या पुढून उतरणारी डावीची शाखा) माझा सल्ला: "एलएडी आहे" एवढ्यावर थांबू नकोस, किती वर बंद आहे ते विचार. पहिल्या डायगोनलच्या (तिची बाजूला जाणारी उपशाखा) वर बंद असेल तर एव्हीएल आणि लीड १ वर, ३ आणि एव्हीएफ खाली. पहिल्या सेप्टलच्याही (मधल्या पडद्याकडे जाणारी उपशाखा) वर असेल तर एव्हीआर (उजव्या खांद्याकडची लीड) वर येऊ शकते, नवा उजवा बंडल ब्लॉक (उजव्या विद्युतमार्गातला अडथळा) दिसू शकतो. असा रुग्ण आला की आमची धावपळ वेगळीच असते. खूप खाली बंद असेल तर खालच्या लीड्स दबत नाहीत. काहींची एलएडी टोकाला वळसा घालून मागे जाते, त्यांच्यात पुढे आणि खाली दोन्हीकडे एसटी वर दिसतो आणि नवशिके गोंधळतात.

शिकायचं कसं? अँजिओ झालेल्या रुग्णांचे ईसीजी घे, रिपोर्ट झाक, धमनी आणि जागा लिहून काढ, मग रिपोर्ट उघड. आमच्याकडच्या एका मॅडमनी महिनाभर हेच केलं.

सहज_वाचक:
मी डॉक्टर नाही. मशीनच्या पट्टीवर वरच छापून येतं ना काय झालंय ते? मग घरच्यांनी तेवढं वाचून ठरवलं तर?

जुनी_पट्टी:
नाही हो. मशीनचं छापलेलं चुकतं, दोन्ही बाजूंनी. "नॉर्मल" छापलेल्या पट्टीवरही अटॅक असू शकतो. छातीत दुखत असेल तर पट्टी वाचत बसू नका, दवाखाना गाठा. दुखत राहिलं तर तिथेही पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढायला सांगा.

शंकासुर:
थोडं विरजण घालतो. सर्कमफ्लेक्स लबाड आहे. ती पूर्ण बंद असूनही बारा लीड्समध्ये कुठेच एसटी वर नसतो, असं बऱ्यापैकी होतं. व्ही१ ते व्ही३ खाली आणि आर (ठोक्याचा वर जाणारा सुळका) उंच दिसला तर पाठीवर व्ही७ ते व्ही९ लावा. तिथे अर्धा मिलिमीटरही पुरे.

एव्हीआर वर आणि बाकी सगळीकडे एसटी खाली म्हणजे लेफ्ट मेन (डावी मुख्य धमनी), असं हल्ली सगळे ठोकून देतात. तीन धमन्यांचा आजार, प्रचंड रक्तस्राव, फार कमी बीपी, यांतही तेच दिसतं. आधी रुग्ण बघा. आणि डी विंटर यांनी २००८ मध्ये मांडलेला नमुना लक्षात ठेवा: छातीच्या लीड्समध्ये एसटी खालून चढत जाणारा आणि त्यावर उंच टी (ठोक्याची शेवटची लाट). एसटी वर नाही म्हणून रात्रभर ठेवून घ्याल, आणि एलएडी बंद असेल.

रातपाळी:
सगळ्यांचे आभार. वर्तुळ फळ्यावर काढून ठेवलंय. कॅथलॅबवाले दादा, तुमची पद्धत सुरू केली: वीसपैकी चौदा जुळले. चुकलेल्यांत एक मजेशीर होता. ३ मधला एसटी २ पेक्षा उंच, एव्हीएल खाली, मी छातीठोकपणे आरसीए लिहिलं. निघाली सर्कमफ्लेक्स. डाव्या बाजूचंच वर्चस्व होतं, मागची उतरती धमनी तिच्यातूनच निघत होती आणि आरसीए अगदी बारीक.

आणि काल रात्रीचा इन्फिरियर: व्ही४आर काढला, दीड मिलिमीटर वर. गोळीचा डबा परत ट्रॉलीत ठेवला आणि सरांना फोनवर म्हटलं, "आरसीए वाटते, वरच्या भागात." सर एवढंच म्हणाले, "बरं, पाठव."