फिट येणार हे कुत्र्याला कळतं, म्हणून गोळ्या कमी करायच्या?

माहेरवाशीण: काल इथे एकाने लिहिलं, 'घरात लॅब्राडोर आणा, फिट यायच्या आधी तोच सांगेल, मग गोळ्या हळूहळू कमी करा.' वाचल्यापासून डोकं फिरलंय. माझ्या भावाला नववीपासून फिट येतात. आमचा मोती (अस्सल गावठी!) पाच-दहा मिनिटं आधी त्याच्या पायांत घुटमळतो, पँट ओढतो. भाऊ मुकाट्याने सतरंजीवर आडवा होतो. पण परीक्षेच्या गडबडीत दोन दिवस गोळ्या चुकल्या, तेव्हा एकामागून एक फिट आल्या, थेट आयसीयू. मोती होता की तिथेच. काय करणार होता तो?

पेठेतला खडूस: गोळ्यांचं मान्य. मोतीचं नाही. तो दिवसातून किती वेळा घुटमळतो, मोजलंय कधी? फिट आली की आठवतं, नाही आली की विसरतो. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. अमेरिकेत व्हिडिओ-ईईजी (कॅमेरा आणि मेंदूच्या लहरींची नोंद एकत्र) लावून पाहिलं, तर अशा कुत्र्यांच्या काही मालकांचे झटके अपस्माराचे, म्हणजे फिटच्या आजाराचे, नव्हतेच, मानसिक निघाले.

कटिंगचहा: अर्धंच वाचलंत. 2019 मध्ये छापून आलेल्या अभ्यासात फ्रान्सच्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाच प्रशिक्षित कुत्र्यांना घामाचे-श्वासाचे नमुने हुंगायला दिले. तिघांनी फिटचा नमुना दरवेळी बरोबर ओळखला.

पेठेतला खडूस: फिट *चालू असतानाचा* नमुना, साहेब. तेव्हा तर शेजारच्या काकूंनाही कळतं. आधी कळण्याचं बोला.

लिफ्टग्रस्त: वासाचं निघालंच आहे म्हणून. आमच्या लिफ्टमध्ये रोज सकाळी कुणाचा तरी 'बाळ' शू करून जातो. विचारलं तर म्हणे थेरपी डॉग!

कटिंगचहा: इथे फिटचं चाललंय हो.

लिफ्टग्रस्त: तुमचं चालू द्या. पुसायला मी जातो.

श्वानसखी: सोसायटीला कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही. लिफ्टही नाकारता येत नाही. पशुकल्याण मंडळाचं पत्रक वाचा.

लिफ्टग्रस्त: पत्रकाने लादी पुसू का?

कमिटी मेंबर: सोपं आहे. ज्यांचा कुत्रा आजारपणासाठी आहे त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी द्यावी, नाव नोटीस बोर्डावर लावू. बाकीच्यांनी जिना.

माहेरवाशीण: नोटीस बोर्डावर? भावाला फिट येतात हे आम्ही सख्ख्या आत्याला सांगितलेलं नाही! 1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हे लग्न रद्द ठरवण्याचं कारण होतं. कायद्यातून गेलं, लोकांच्या डोक्यातून गेलंय का? मागच्या वर्षी ठरत आलेलं स्थळ एका शब्दावर मोडलं. आणि तुम्ही बोर्ड लावताय!

कमिटी मेंबर: ताई, तसा हेतू नव्हता. लिफ्टचा विषय निघाला म्हणून बोललो.

लिफ्टग्रस्त: घ्या, आता मीच व्हिलन.

पेठेतला खडूस: ताई, माझा मोतीवर अजून विश्वास नाही. पण एक करा. कॅलेंडरवर तो घुटमळला की निळी खूण, फिट आली की लाल. तीन महिने. मी चूक निघालो तर मोतीला पाव किलो पेढे.

माहेरवाशीण: कुत्र्याला पेढे देत नाहीत. उकडलेलं अंडं चालेल. खुणा आजपासून करते, आणि निळ्या जास्त निघाल्या तरी इथे येऊन सांगेन.

पेठेतला खडूस: अंडं? आमच्या घरात? ...बरं, बाहेरून आणू.