गजबजलेल्या गोदामात फरशी धुणारा रोबो: घ्यावा की नको?

डॉकवाला
माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्या गोदामात दोन्ही पाळ्यांत फोर्कलिफ्ट फिरतात, तिथे स्वयंचलित स्क्रबर, म्हणजे फरशी धुणारा रोबो, घेऊ नये. बसून चालवायचा साधा स्क्रबर आणि हात बसलेला एक ऑपरेटर पुरे.

भिवंडीतला एक लाख चौरस फुटांचा गाळा धरा, म्हणजे ९,२९० चौ.मी. रॅकखालची आणि स्टेजिंगची (माल चढवण्याआधी मांडून ठेवायची) जागा वजा केली की धुण्याजोगी फरशी ५,००० च्या आसपास उरते. ब्रश ६५ सेंमीचा, वेग ताशी ३.५ किमी. कागदावर तासाला २,२७५ चौ.मी. झाले. ओव्हरलॅप, वळणं आणि अडून थांबणं धरलं तर त्यातले साठ टक्के पदरात पडतात, म्हणजे पावणेचार तास. आता पाणी बघा. मिनिटाला २ लिटर सोडलं तर ११० लिटरची टाकी ५५ मिनिटांत रिकामी. चार वेळा भरायची, चार वेळा मळकं पाणी सोडायचं, दर खेपेला पंधरा मिनिटं. आपोआप पाणी भरणारं डॉकिंग स्टेशन मिळतं, पण त्याला नळजोड आणि निचरा हवा. बहुतेक गाळ्यांत तो फक्त संडासाजवळ असतो.

मग माणूस वाचला कुठे?

रात्रपाळी
आकडे बरोबर, निष्कर्षाची घाई झाली. रोजच्या धुळीला २ लिटर कशाला? १ लिटर पुरतो, टाकी ११० मिनिटं चालते, दोन-अडीच खेपांत काम उरकतं. २ लिटर लागतात ते पावसाळ्यात, ट्रेलरच्या टायरांबरोबर चिखल डॉकवर (माल चढ-उताराच्या जागी) येतो तेव्हा.

आणि माणूस वाचतो असं म्हणतंय कोण? माणूस मोकळा होतो. साध्या स्क्रबरवर तो पावणेचार तास खिळलेला असतो. रोबोला त्याचा जेमतेम तासभर लागतो. बाकीच्या वेळात तो रॅकच्या पायांजवळचे कोपरे काढेल, चार्जिंग पॉइंटखाली सांडलेलं पुसेल. ही कामं कुठलाही स्क्रबर करत नाही.

शिवाय कुठली पट्टी धुतली आणि कुठली सुटली ते नकाशावर दिसतं. हाऊसकीपिंगच्या ठेकेदाराकडून हे आजवर कुणाला मिळालंय? त्याच्या रजिस्टरवर रोज सही असते, फरशी मात्र काळीच.

ब्रश आणि पॅड
दोघंही पाण्याचं बोलताय, पण गोदामात रोबोला खाली बसवतं ते स्ट्रेच रॅप, मालाभोवती गुंडाळायचं पातळ प्लास्टिक. वीतभर तुकडा ब्रशच्या मुळाशी गुंडाळला गेला की मोटरचा अँपिअर वाढतो आणि मशीन एरर देऊन जागेवर थांबतं. पॅलेटला (माल रचायच्या पाटाला) बांधायच्या पट्टीचा तुकडा त्याहून वाईट. तो मागच्या स्क्वीजीच्या (पाणी ओढून घेणाऱ्या पट्टीच्या) रबराखाली अडकतो, तिथे रबर फरशीला टेकत नाही आणि दोन बोटं रुंदीची ओली रेघ अख्ख्या आयलभर (दोन रॅकमधल्या गल्लीभर) उमटत जाते. ऑपरेटर मान वळवून बघतो, उतरतो आणि तुकडा काढतो. अनेक रोबोंना मागे काय राहिलं ते कळतच नाही. ट्रायमिक्सच्या (गुळगुळीत काँक्रीटच्या) फरशीवर त्या रेघेवरून रीच ट्रकने (उंच रॅकवर माल लावणाऱ्या फोर्कलिफ्टने) ब्रेक मारला तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून आधी रुंद डस्ट मॉप किंवा स्वीपर फिरलाच पाहिजे. त्याला पर्याय नाही.

बाकी सांभाळायच्या गोष्टी: स्क्वीजीचं रबर रोज पुसा. बहुतेक रबरांना चार कडा असतात, एक झिजली की उलटवा. साबण कमी फेसाचाच घ्या आणि १ टक्क्याच्या वर जाऊ नका, ११० लिटरला १.१ लिटर. फेस झाला की मळक्या टाकीतला फ्लोट उचलला जातो, टाकी भरली असं समजून सक्शन बंद पडतं आणि पाणी फरशीवरच राहतं. बोअरचं जड पाणी वापरत असाल तर फिल्टर आणि सोलेनॉइड व्हॉल्व्हवर (पाणी सोडणाऱ्या विजेच्या झडपेवर) क्षार बसतो, आठवड्याला उघडून बघा.

हेल्मेट सक्तीचं
सुरक्षेचं कुणी बोललंच नाही. रोबोचा मुख्य लायडार (लेसरने अंतर मोजणारा सेन्सर) एका ठरावीक उंचीवर आडवी पट्टी बघतो. उभ्या फोर्कलिफ्टचे जमिनीवर टेकवलेले काटे त्या पट्टीच्या खाली राहतात, अर्धवट उचललेले वर. ते थ्रीडी कॅमेऱ्याने पकडायचे असतात, पण काळपट फरशीवर काळं लोखंड कॅमेऱ्यालाही नीट उमगत नाही. डेमोत खोका ठेवून दाखवतात. खोका कुणीही ओळखेल, काटे ठेवायला सांगा.

व्यावसायिक स्वयंचलित फरशी-सफाई यंत्रांसाठी आयईसी ६३३२७ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२१ पासून आहे. त्यानुसार तपासणी झाली आहे का, ते खरेदीआधी लेखी घ्या.

डॉकवाला
माझंच म्हणणं पुढे नेताय तुम्ही. त्यात भर घाला: डॉकच्या दारावरचे पारदर्शक पीव्हीसी पडदे रोबोला भिंत वाटू शकतात. दहा आयल एकसारख्या असल्या आणि कालचा माल आज हलला की आपण कुठे आहोत हेच त्याला कळेनासं होतं. मग तो आयलच्या तोंडाशी उभा, मागे दोन फोर्कलिफ्ट हॉर्न वाजवतायत, आणि सुपरवायझर मोबाइलवर 'मार्ग अडला' हा मेसेज वाचतोय. ऐन डिस्पॅचच्या वेळी हे कोण निस्तरणार?

रात्रपाळी
डिस्पॅचच्या वेळी रोबो सोडायचाच नाही, साहेब! आयलचे दोन गट करा. एका गटात पुटअवे (आलेला माल रॅकवर लावणं) चालू असताना दुसरा साखळी लावून बंद. रीच ट्रकच्या पावणेतीन-तीन मीटरच्या आयलमध्ये रोबो आणि ट्रक एकत्र नकोतच, तिथे साधा स्क्रबरवालाही अडचणच करतो. मुख्य रस्ता चार मीटरच्या वर असेल तर तिथे दिवसाही चालेल. वाट चुकण्यावर उपाय म्हणजे रॅकच्या टोकांसारख्या न हलणाऱ्या खुणा धरून नकाशा काढायचा, पॅलेट धरून नाही. लेआउट बदलला की मार्ग पुन्हा शिकवायचा.

व्हीएनएच्या (व्हेरी नॅरो आयल) अगदी अरुंद आयलमध्ये मात्र मीही घेणार नाही.

डॉकवाला
साखळी लावून निम्म्या आयल बंद ठेवणं महिनाअखेरीला कुठल्या गोदामाला परवडतं ते सांगा. तरीही ज्यांना घ्यायचाच आहे त्यांनी डेमो रविवारी रिकाम्या गाळ्यात बघू नये. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला, ट्रेलर लागलेले असताना मागवा. तीन तास चालवा, किती वेळा माणसाला पळावं लागलं ते मोजा आणि शेवटी एका आयलमध्ये कोरडा टिश्यू पेपर फरशीवर दाबून बघा.