रेशमाचा पतंग, निळं मॉर्फो आणि 'कोश'

– रेशमाचा पतंग आणि दक्षिण अमेरिकेतलं निळं मॉर्फो फुलपाखरू यांच्यावर लेख लिहिते आहे. 'कोश' दोघांनाही लावला तर चालेल का? आणि 'रेशीमकिडा' लिहू की 'पतंग'?

– रेशीमकिडा म्हटलं की तुतीचा पाला खाणारी अळीच समोर येते. पंखवाल्याबद्दल लिहायचं तर पतंग. 'सुरवंट' मात्र जपून वापरा. सुरवंट केसाळ असतो. रेशमाची अळी गुळगुळीत, मॉर्फोची केसाळ.

– खरा घोळ कोशाचा आहे. मॉर्फोची अळी पानाखाली किंवा फांदीला रेशमाची इवलीशी गादी चिकटवते, तिला उलटी लटकते आणि शेवटची कात टाकते. आतून निघतं ते हिरवं टणक अंग म्हणजे कोश. त्याभोवती धागा नाही. रेशमाच्या अळीचं तसं नाही. ती आधी एका सलग धाग्याचं वेष्टन विणते, बहुधा ९०० मीटरच्या आसपास लांबीचं, आणि मग त्याच्या आत कात टाकून कोश होते. बाहेरच्या वेष्टनाला 'कोसला' असा छान जुना शब्द आहे, तोच घ्या.

– कोसला गोड आहे हो, पण रेशीम उत्पादक बाहेरच्या वेष्टनालाच 'कोष' म्हणतात. त्यांना आतल्या जिवाला कोश म्हटलेलं पटायचं नाही.

– म्हणून तर पहिल्यांदा 'रेशमी कोसला' आणि 'आतला कोश' असं फोडून सांगावं, पुढे वाचक सांभाळून घेतो.

– बरं, आणि 'दोघंही फुलांवर बागडतात' हे वाक्य?

– काढाच! शतकानुशतकं पाळून रेशमाच्या पतंगाला उडताच येत नाही. तोंड निकामी, तो काही खातही नाही. मॉर्फो उडतं, पण सडक्या फळांचा रस चोखतं. 'फुलपाखरू' नावापुरतंच.

– 'निळ्या रंगाचे पंख' लिहिलंत तर तेही बघा. तिथे निळं रंगद्रव्य नाही. खवल्यांवरच्या सूक्ष्म कंगोऱ्यांवरून प्रकाश परततो म्हणून निळं दिसतं. 'झळाळी' जास्त नेमकं. पंख मिटले की खालची बाजू तपकिरी, डोळ्यांसारख्या ठिपक्यांची.

– मिशांना 'शृंगिका' लिहू?

– शाळेच्या पुस्तकासाठी ठीक, लेखात मिशाच बऱ्या. पतंगाच्या पिसासारख्या, फुलपाखराच्या टोकाला गाठीच्या. दोघं ओळखायला तेवढं पुरतं.