मागच्या प्लॉटवरची फुलं रविवारी कापायचीच का?

मनीषनगरवाली:
आमच्या बिल्डिंगमागे एक रिकामा प्लॉट आहे, पाऊस लागला की तिथे तरोटा, केना, एकदांडी, आघाडा सगळं आपोआप येते अन् मी रोज सकाळी चहा घेऊन गच्चीतून पाहत उभी राहते. केन्याचं निळं फूल तर सकाळीच पाहावं लागते, दुपारपर्यंत मिटून जाते. आता ठरलंय की रविवारी तणनाशक मारून प्लॉट साफ करायचा. मे महिन्यात ४५ डिग्रीत भाजलेली माती ही, कोणी एक बादली पाणी नाही टाकलं तरी एवढी फुलली, दसऱ्यापर्यंत राहू द्या ना. महालक्ष्म्यांना आघाडा बर्डीच्या बाजारातून विकत आणतो अन् दारातला मारून टाकायचा, हे मला पटत नाही.

तळमजला:
ताई, तुम्ही गच्चीतून पाहता, आमची खिडकी त्या प्लॉटवरच उघडते. मागच्या वर्षी आईच्या मानेवर, हातावर लाल चट्टे आले, रात्र रात्र खाजवायची, डॉक्टरनं गाजरगवत सांगितलं. त्याचीही पांढरी फुलं नाजूकच दिसतात. शिवाय साप, डेंग्यू वेगळंच. माझं मत, सगळं साफ करा.

काटोलचा पोरगा:
मी शेतकऱ्याच्या घरचा आहे, मला केन्याचं कौतुक नाही जमत. सोयाबीनमध्ये निंदून निंदून आईची कंबर गेली. त्याला जमिनीच्या आतही फुलं येतात, न उमलताच बी धरतात, वरून कितीही उपटा परत येतेच. शहरात राहून तणाला फूल म्हणणं सोपं आहे.

मनीषनगरवाली:
दादा, शेतातलं केना काढलंच पाहिजे, त्यात वादच नाही. पण इथे कोणतं पीक आहे? अन् आईंचं वाचून खरंच वाईट वाटलं, गाजरगवत मलाही नको. पण फवारलं तर तरोटाही मरेल अन् मोकळ्या जागेत पहिले गाजरगवतच घुसेल, तरोटा दाट असला की ते दबून राहते, कोपऱ्यात जाऊन पाहा. गाजरगवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात म्हणून फुलाआधीच हातमोजे घालून मुळासकट उपटायचं असते. डेंग्यूचा डास अंडी घालतो साचलेल्या पाण्यात, आपल्या गॅलरीतल्या बंद कूलरच्या टाक्या कोणी रिकाम्या केल्या का?

फुटाळ्याचा:
तरोट्यावर लहान पिवळी फुलपाखरं बसतात ना, ती त्याच्याच पानावर अंडी घालतात, अळीला तेच पान लागते. कुंडीतल्या पेटुनियावर नाही चालत त्यांचं. रुई असेल तर तीही ठेवा, तिच्यावर केशरी फुलपाखराच्या पट्टेदार अळ्या सापडतात, माझ्या मुलीनं पहिल्यांदा अळी पाहिली ती तिथेच. पण सापाचं भाऊ बरोबर बोलले, भिंतीपासून दहा फूट तरी गवत कापून ठेवा, लेकरं खेळतात तिथे.

तळमजला:
कूलरचं मान्य, आमचाच भरलेला आहे, आज काढतो. पण उपटणार कोण? दरवर्षी ग्रुपवर सगळे हो म्हणतात अन् शेवटी मी एकटाच.

मनीषनगरवाली:
मी येते रविवारी सकाळी ६ ला, माझा नवरा पण येईल. खिडकीसमोरचा पट्टा पहिले साफ करू. फवारणीवाल्याला तेवढं नको म्हणून सांगा.

तळमजला:
ठीक, या वर्षी थांबवतो. आईला त्या दिवशी मावशीकडे सोडतो. पण परत चट्टे आले तर पुढच्या पावसाळ्यात मी कोणाचं ऐकणार नाही.