एका व्हॉट्सॲपवर सगळे भागते का?

टिळकवाडीकर:
सीमाभागातल्या मराठी माणसाने फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स, टेलिग्राम, लिंक्डइन ही सगळी खाती बंद करून एका व्हॉट्सॲपवर राहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गणेशोत्सव मंडळाची वर्गणी, भिशी, सोयरीक, बाराव्याचा निरोप, मोर्चाची वेळ ही आपली खरी कामे, आणि ती सगळी ग्रुपवर होतात. बाकी ठिकाणी एक तर नाच चालतो, नाही तर अनोळखी माणसांशी भांडण. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी त्या खात्यांमुळे झालेले एक तरी काम दाखवावे.

शहापूर पेठ:
काका, आव्हान दिलेत म्हणून सविस्तर लिहितो. नाही तर यावर बोटे झिजवण्याची माझी इच्छा नव्हती. तुम्ही जी कामे मोजलीत ती सगळी ओळखीतल्या माणसांची आहेत, आणि ओळखीतल्या माणसांसाठी व्हॉट्सॲप उत्तम आहे, हे कोणीच नाकारत नाही. माझा धंदा साड्यांचा आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागात विणलेली साडी फक्त बेळगावनेच घ्यायची म्हटले, तर मागांचा खडखडाट केव्हाच थांबला असता. सांगलीची किंवा मडगावची एखादी बाई, जिने माझ्या दुकानाचे नावही ऐकलेले नाही, ती माझ्या ग्रुपमध्ये येणार कशी? ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला निरोपसुद्धा ज्याने आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच पोहोचतो. फेसबुकवर मात्र तिच्या नणंदेने साडीखाली नुसते 'किंमत?' असे विचारले, तरी ती साडी तिच्या नजरेस पडू शकते.

शिवाय साडी दाखवायलाही अक्कल लागते. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत अंजिरी रंग तपकिरी दिसतो आणि पार्सल परत येते. म्हणून आम्ही सकाळच्या उजेडात दुकानाच्या पायरीवर साडी उलगडतो. आधी काठ, मग पदर, आणि शेवटी साडी उलटी करून मागची बाजू, कारण जाणकार बाई मागचे सुटे धागे पाहिल्याशिवाय भावाचे बोलत नाही. हे सगळे इन्स्टाग्रामच्या एका रीलमध्ये बसते, म्हणजे ज्याला तुम्ही नाच म्हणता त्याच चौकटीत. टिकटॉकवर बंदी आल्यानंतर लगेच, जुलै २०२० मध्ये, रील्स भारतात आले, आणि दुकानाला कुलूप असलेल्या त्या वर्षात आमची गादी त्यावरच तगली. हे काम दाखवले. आता तुमचे ऐकू द्या.

खानापूरकर:
शहापूरकरांची गादी तगली याचा आनंद आहे, परंतु दुकान म्हणजे समाज नव्हे. मी खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्ट्यात शिक्षक आहे. भीमगडच्या बाजूला अशा वस्त्या आहेत, जिथे घराबाहेर पडून ठरावीक चढावर गेल्याशिवाय फोन लागत नाही. तिथे तुमची रील गोल गोल फिरत बसते. व्हॉट्सॲपचा दोन ओळींचा निरोप मात्र रेंजची एक कांडी दिसताच सुटतो. मुक्कामाची बस आली नाही, ओढ्याला पाणी आले आहे, आज पोरांना पाठवू नका, हे पालकांना कळवायला मला काठ आणि पदर काय कामाचे? टिळकवाडीकर काकांची भाषा टोकाची आहे, पण गाभा बरोबर आहे.

निपाणीची सून:
गुरुजी, पावसाळ्याचा विषय तुम्हीच काढलात, तर माझेही ऐका. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले, तिकडे कोल्हापूरच्या पलीकडे पंचगंगेनेही रस्ता अडवला, आणि निपाणीची कोल्हापूरकडची वाट बंद झाली. माझे माहेर दूधगंगेकाठी. भावकीच्या ग्रुपवर रात्री 'धरण फुटले' असा निरोप आला आणि सोबत व्हिडिओ, जो नंतर कळले की भलत्याच ठिकाणचा आणि जुना होता. आई दागिने फडक्यात बांधून गच्चीवर जाऊन बसली. तो निरोप मूळ कोणी लिहिला आणि कधी लिहिला, हे ग्रुपवर कळायला मार्ग नव्हता. मामांनी पाठवला म्हणून खरा. अशा अफवांमुळेच २०१८ मध्ये भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली गेली होती. पण पाच म्हणजे पाच ग्रुपही असू शकतात, आणि तेवढ्यात गाव भरते.

त्या रात्री मला उपयोग झाला तो ट्विटरचा, म्हणजे आजच्या एक्सचा. काळम्मावाडीचे धरण तिकडे महाराष्ट्रात, अलमट्टीचे इकडे कर्नाटकात; आपल्याला दोन्ही राज्यांची बातमी लागते आणि आपले ग्रुप कायम एकाच बाजूचे असतात. तिथे सरकारी खात्याचे नाव, तारीख आणि वेळ डोळ्यांसमोर असते. त्यात दोष नाहीत असे नाही. २८० अक्षरांच्या मर्यादेत आपला काना, मात्रा, वेलांटीही स्वतंत्र मोजली जाते, त्यामुळे मराठीत वाक्य पुरे होण्याआधीच जागा संपते. पण अर्धे का होईना, खरे वाक्य मिळाले.

टिळकवाडीकर:
ताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. दुसऱ्या दिवशी होडी कुठे लागणार, दूध आणि औषधे कोणत्या शाळेत पोहोचवायची, जनावरांसाठी वैरण कोण आणणार, हे कुठे ठरले? ग्रुपवरच. एक्सवर त्या वेळी दोन्ही राज्यांचे लोक पाणी कोणी सोडले यावर एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. आणि ज्या संकेतस्थळांवर तुम्ही सगळे विसंबता त्यांचा भरवसा काय? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, कू २०२४ मध्ये बंद झाले. शहापूरकरांनी त्यांच्या फॉलोअरपैकी किती जणांनी साडी घेतली आणि किती जण फुकट बघून गेले, हेही एकदा सांगावे.

निपाणीची सून:
होडी ग्रुपवर ठरली, हे मान्य. ज्या ग्रुपने आईला गच्चीवर बसवले त्यानेच तिला खाली उतरवले, असे म्हणू या हवे तर.

उद्यमबाग:
टिळकवाडीकर, तुमचे व्हॉट्सॲप २०१४ पासून फेसबुकच्याच कंपनीच्या मालकीचे आहे आणि इन्स्टाग्राम २०१२ पासून. एका मालकाच्या तीन खोल्यांपैकी एकीत राहून बाकी दोन खोल्यांतल्या भाडेकरूंना नावे ठेवणे मला तरी विनोदी वाटते. आमचा फाउंड्रीचा व्यवसाय आहे. पुण्याच्या एका खरेदी अधिकाऱ्याला माझे नाव लिंक्डइनवर सापडले, त्याने आमच्या ओतकामाचे फोटो पाहिले आणि चौकशी पाठवली. तिथला एकमेकांच्या कौतुकाचा पाऊस मलाही असह्य होतो, पण माणूस हुद्द्यावरून शोधता येतो असे दुसरे ठिकाण दाखवा.

शहापूर पेठ:
काका, किती जणांनी घेतली ते सांगायला माझ्याकडे आता ते पेज आहे कुठे? दुकानाचे फेसबुक पेज माझ्या पुतण्याने त्याच्या स्वतःच्या खात्यावरून उघडले होते. आम्हा भावांची वाटणी झाली तेव्हा माग मोजले, सुताची गाठोडी मोजली, दुकानाच्या पाटीचाही वाद झाला. पेजचे नाव कोणाच्याही तोंडी आले नाही. आता पुतण्याने वेगळी गादी घातली आहे आणि माझी जुनी गिऱ्हाइके त्याच पेजवर त्याच्या साड्या घेतात. वर माझ्याच दुकानाच्या पायरीवर काढलेले व्हिडिओ अजून तिथे आहेत! पंचांना सांगितले, तर ते म्हणाले, जी वस्तू हातात धरता येत नाही तिची वाटणी आम्ही कशी करावी?

टिळकवाडीकर:
म्हणजे ज्याच्या जोरावर मला दोन परिच्छेद ऐकवलेत, ते आता तुमचे नाहीच. उत्तम.

वडगावचा धोटा:
मी तो पुतण्या नाही, पण पुतण्या मीही आहे, म्हणून बोलतो. दिवसभर दुकानात थान उचलायचे, रात्री जेवण झाल्यावर व्हिडिओ कापायचे, 'किंमत?' विचारणाऱ्या प्रत्येक बाईला उत्तर द्यायचे, पार्सल फाटले म्हणून शिव्या खायच्या, आणि या सगळ्याला घरात 'मोबाइल खेळतो' म्हणायचे. वाटणीच्या वेळी मात्र अचानक पेज दुकानाचे होते! त्या कष्टाचा पगार तुम्ही कधी दिला होता का, एवढे सांगा. फोटोतली पायरी तुमची असेल, पण त्या पायरीपर्यंत मडगावची बाई आणली कोणी?

शहापूर पेठ:
पगार दिला नाही, कारण तो घरचा मुलगा होता. त्याचे शिक्षण, त्याची गाडी, त्याचे लग्न दुकानाच्या गल्ल्यातून झाले. त्याच्या हाती कॅमेरा दिला म्हणजे माझ्या बापाचे नाव दिले नाही. हिशोबच काढायचा असेल तर पूर्ण काढू.

उद्यमबाग:
भाऊबंदकी बाजूला ठेवून व्यवहाराचे बोलू. फेसबुक पेजवर एकाहून अधिक जणांना पूर्ण अधिकार देता येतात. पहिल्याच दिवशी तुमचे नाव त्यात घातले असते, तर आज पेज तुमच्याही हाती असते. मात्र त्यासाठी तुमचे स्वतःचे खाते हवे, आणि आपल्याकडे मोठी माणसे 'मला त्यातले कळत नाही' असे अभिमानाने सांगतात. काही दुकानदार तर पेज न काढता वैयक्तिक खात्यावरच धंदा करतात, आणि ५००० मित्रांची मर्यादा आली की नवीन गिऱ्हाईक दारातून परत जाते. इन्स्टाग्रामचे खातेही ज्याच्या फोन नंबरावर आणि ईमेलवर आहे, शेवटी त्याच्याच ताब्यात राहते.

खानापूरकर:
ताब्याचाच विषय निघाला आहे तर ग्रुपही सुटत नाहीत. आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर पंचायत निवडणुकीनंतर ॲडमिनने विरोधी पॅनेलची सगळी नावे एका रात्रीत काढून टाकली. शाळेच्या वर्धापनदिनाचे फोटो, वर्गणीचा हिशोब, सगळे त्या ग्रुपवर होते. ॲडमिन म्हणजे गावचा पाटीलच झाला आहे, फरक एवढाच की त्याला वतन सरकारने दिलेले नाही.

टिळकवाडीकर:
गुरुजी, ॲडमिनला जबाबदारीही तेवढीच असते. कोणी आक्षेपार्ह टाकले तर पोलीस आधी त्यालाच बोलावतात. मी स्वतः ॲडमिन आहे. हे पद मिरवण्याचे नाही.

उद्यमबाग:
मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे की, दुसऱ्या सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरलेली योजना दाखवावी लागते.

टिळकवाडीकर:
आणि आपण कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाच्या हद्दीत राहतो. नागपूरचा निकाल मोबाइलवर उघडून दाखवला म्हणजे इथला फौजदार खुर्ची देईल, असे वाटत असेल तर एकदा ठाण्यात जाऊन पाहा.

निपाणीची सून:
ॲडमिन आणि पुतण्या यांच्यात मूळ प्रश्न वाहून गेला. काका, एकच विचारते. तुमच्या मंडळात यंदा आलेल्या मुलाला गेल्या तीन वर्षांचा जमाखर्च पाहायचा असेल, तर तुमचा लाडका ग्रुप तो दाखवतो का?

टिळकवाडीकर:
नवीन सभासदाला जुने निरोप आपोआप दिसत नाहीत, हे मला माहीत आहे. त्याला आम्ही वही दाखवतो.

निपाणीची सून:
वही कोणाकडे आहे?

टिळकवाडीकर:
माजी खजिनदारांकडे. ते सध्या मुलाकडे बेंगळुरूला असतात.

वडगावचा धोटा:
टेलिग्रामवर ग्रुपचा इतिहास नव्या सभासदांना खुला ठेवता येतो आणि मोठ्या फायलीही तिथेच राहतात. पण ते खाते तर तुम्ही बंद करायला सांगितले आहे.

टिळकवाडीकर:
जमाखर्चापुरते टेलिग्राम उघडायला माझी हरकत नाही. याला शहापूरकरांनी आपला विजय समजू नये; नाच मी अजूनही पाहणार नाही. ते उघडायचे कसे, हे मात्र मला कोणी तरी येऊन दाखवावे, आणि शक्यतो पुतण्या नसलेल्या माणसाने.

उद्यमबाग:
मी रविवारी येतो. ग्रुपचे मालक तुम्ही राहा आणि दुसरे ॲडमिन खजिनदारांना करा, बेंगळुरूला असले तरी.

शहापूर पेठ:
ते झाल्यावर माझ्याकडेही या. नवीन पेज काढायचे आहे, आणि या वेळी खाते माझ्याच नावाचे असेल. व्हिडिओ कोण काढणार, हे अजून ठरलेले नाही.

वडगावचा धोटा:
पगार किती देणार, ते आधी लिहा.