मायका पार्सन्स देऊन डॅलसने काय मिळवलं?

फ्रिस्कोकर

२८ ऑगस्ट २०२५ ला अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमधल्या आपल्या डॅलस काउबॉइजने मायका पार्सन्स हा बचावपटू, समोरच्या क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून चाल रचणाऱ्याला) पाडण्यात तरबेज, ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकला. बदल्यात केनी क्लार्क हा डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या मधल्या फळीतला खेळाडू) आणि २०२६ व २०२७ चे पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक घेतले. ड्राफ्ट म्हणजे संघांनी कॉलेजचे नवे खेळाडू फेऱ्यांमध्ये क्रमाने निवडणं, पिक म्हणजे त्यातली निवडीची एक पाळी. मी फ्रिस्कोत राहतो, संघाचं मुख्यालय घरापासून जवळ आहे, मुलगा अजून पार्सन्सची ११ नंबरची जर्सी घालून शाळेत जातो. माझं मत स्पष्ट आहे: ही चूक होती. डिसेंबर २०२५ मध्ये डेन्व्हरला पार्सन्सच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला, तरी ते मत बदललेलं नाही.

पार्सन्स आपल्याकडे आला कसा ते आठवा. २०२१ चा १२ वा पिक मुळात सॅन फ्रान्सिस्कोचा. ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक हवा म्हणून तिसऱ्या नंबरवर जायला त्यांनी तो मायामीला दिला, वर पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिकही दिले. मायामीकडून तो फिलाडेल्फियाकडे गेला आणि फिलाडेल्फियाने दोन जागा वर सरकायला आपल्याला दिला. म्हणजे तीन संघांच्या हातातून पार्सन्स निसटला. ज्याच्यासाठी हे सगळं घडलं तो लान्स २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका पिकवर डॅलसलाच मिळाला.

तेव्हा पिक म्हणजे नुसती जागा. तिथे पार्सन्स येईल की लान्स, हे चार वर्षं गेल्याशिवाय कळत नाही. पार्सन्सचं उत्तर तर आलेलं होतं: चारही मोसमांत किमान १२ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडणं), एकूण ५२.५. वय २६. असा माणूस हातात असताना लॉटरीच्या दोन चिठ्ठ्या घ्यायच्या?

आयर्व्हिंगचा काका

फ्रिस्कोकर, तुमची तळमळ समजते, पण पटलं नाही. मी १९८८ मध्ये इथे आलो. टेक्सस स्टेडियम आयर्व्हिंगलाच होतं, त्यामुळे फुटबॉल तिथेच शिकलो. १२ ऑक्टोबर १९८९ ला हर्शेल वॉकर डॅलसमधून मिनेसोटाला गेला, तेव्हा ऑफिसात लोक असेच चिडले होते. संघात बघण्यासारखा तोच एक होता. त्या वर्षी आपण १५ सामने हरलो आणि एकच जिंकलो.

मिनेसोटाकडून पाच खेळाडू आले आणि त्यांच्यामागे पिक बांधलेले होते. खेळाडू ठरलेल्या मुदतीत सोडला, तर त्याच्यापोटी पिक मिळायचा. मिनेसोटाला वाटलं, आपला प्रशिक्षक जिमी जॉन्सन याला खेळाडू हवेत. त्याला पिकच हवे होते. शेवटी पहिल्या फेरीचे तीन आणि दुसऱ्या फेरीचे तीन पिक पदरात पडले. त्यांतला एक पुढे सरकवून १९९० ला एमिट स्मिथ घेतला, १९९२ ला डॅरेन वुडसन. मग १९९२, १९९३ आणि १९९५ च्या मोसमांचे सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) आपले. वॉकरने मिनेसोटात एकाही मोसमात हजार यार्ड गाठले नाहीत. त्या व्यवहाराची फळं मी खाल्ली आहेत, म्हणून पिकला चिठ्ठी म्हणवत नाही.

मधुरा_प्लेनो

काका, वॉकरचा दाखला इथे लागू होत नाही.

वॉकर रनिंग बॅक होता, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा. क्वार्टरबॅकला पाडणारा पार्सन्ससारखा माणूस मिळणं कितीतरी कठीण. शिवाय १९८९ चा संघ तळाला होता, सगळं नव्याने उभारायचं होतं, घाई कसलीच नव्हती. २०२५ च्या संघात क्वार्टरबॅक प्रेस्कॉट तिशी ओलांडलेला आणि त्याचे चेंडू झेलणारा लॅम ऐन भरात. अशा संघाने २०२७ चा पिक घेऊन काय करायचं? तो पोरगा तयार होईपर्यंत प्रेस्कॉट कुठे असेल?

आणि पिक कोणाचे, हेही बघा. पार्सन्स मिळाला की ग्रीन बे जास्त सामने जिंकणार, म्हणजे त्यांचा पिक फेरीत खाली घसरणार. आपणच दिलेल्या खेळाडूमुळे आपल्या हातातल्या पिकची किंमत उतरते.

आकडेमोड

पैशाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. २०२५ ची सॅलरी कॅप, म्हणजे संघाने पगारावर करायच्या खर्चाची मर्यादा, २७.९२ कोटी डॉलर. प्रेस्कॉटचा करार वर्षाला ६ कोटींचा, लॅमचा ३.४ कोटींचा. पार्सन्सला ग्रीन बेने चार वर्षांचे १८.८ कोटी दिले, म्हणजे वर्षाला ४.७ कोटी. तिघांचे मिळून १४.१ कोटी. ५३ जणांच्या संघात तिघांनाच अर्ध्याहून जास्त!

ही करारांची सरासरी आहे हे कबूल. बोनस पुढच्या वर्षांवर पसरवून कॅपमधला आकडा खाली आणता येतो. पण पुढे ढकललेलं देणं कधीतरी चुकवावंच लागतं.

पिकची खरी किंमत त्याच्या स्वस्ताईत आहे. २०१० ला पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डचा करार सहा वर्षांचा, ७.८ कोटींचा होता. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या नव्या करारनाम्याने नवोदितांच्या पगाराला मर्यादा आली आणि त्याच वर्षी कॅम न्यूटनला चार वर्षांचे २.२ कोटी मिळाले. तेव्हापासून ड्राफ्टमधला चांगला खेळाडू चार वर्षं निम्म्याहून कमी दरात खेळतो आणि उरलेल्या पैशात आणखी दोन माणसं येतात.

तरी मॅसी आणि थेलर या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलेलं विसरू नये. एकाच पोझिशनवरचे लागोपाठ निवडलेले दोघे घेतले, तर आधीचा नंतरच्यापेक्षा सरस निघण्याची शक्यता ५२ टक्क्यांच्या आसपास. कोण बरा हे आपल्याला कळतं, हा निवडणाऱ्यांचा समज खोटा आहे. म्हणून एका मोठ्या पिकपेक्षा पुष्कळ पिक असणं चांगलं. पार्सन्स विकायला माझी हरकत नाही. पण दोनच पिक घेतले, ही मात्र हरकत आहे.

मिलवॉकीवाला

पॅकर्सच्या बाजूने सांगतो. सही झाली त्या रात्री आम्ही पेढे वाटले. सप्टेंबरात डॅलसमध्ये ४०-४० अशी बरोबरी झाली, तेव्हाही तो मोलाचा वाटला. १२.५ सॅकवर असताना गुडघा गेला. आता पहिल्या फेरीचे दोन पिक गेलेत, मधल्या फळीतला क्लार्क गेलाय, आणि तो धावू लागेपर्यंत वाट बघायची. एकाच माणसावर सगळं लावलं की काय होतं, ते आम्ही अनुभवतोय. डॅलसला कमी मिळालं असं मला तरी वाटत नाही.

फ्रिस्कोकर

मिलवॉकीवाला, वाईट वाटतं. तो लवकर बरा होवो. पण दुखापत ऑगस्टमध्ये कोणाला दिसत नव्हती, तिच्यावरून व्यवहार पारखू नये. गुडघा ड्राफ्टमधल्या पोराचाही जाऊ शकतो.

आकडेमोड, स्वस्ताईचा मुद्दा खरा, पण पोरगा चांगला निघाला तरच. २०२२ च्या ड्राफ्टच्या रात्री टेनेसीने चेंडू झेलणाऱ्या ए. जे. ब्राऊनला मोठा करार द्यायला नको म्हणून १८ व्या आणि १०१ व्या पिकवर फिलाडेल्फियाला दिला. त्या १८ व्या पिकवर ब्राऊनच्याच जागी खेळणारा ट्रेलन बर्क्स घेतला, स्वस्तात. बर्क्स काही जमला नाही. डिसेंबरात ब्राऊनने टेनेसीविरुद्ध दोन टचडाउन केले आणि दोन दिवसांत त्यांच्या जनरल मॅनेजरची नोकरी गेली. फिलाडेल्फियाने ब्राऊनला पैसेही दिले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोलही जिंकला.

पार्सन्ससारखाच क्वार्टरबॅकला पाडणाऱ्या खलील मॅकचं तेच. २०१८ ला रेडर्सनी त्याला शिकागोला दिलं. आलेल्या पिकवर जोश जेकब्स मिळाला, तो उत्तमच. पण दुसरा, २०२० चा १९ वा पिक, डेमन आर्नेटवर गेला आणि दुसऱ्याच मोसमात त्याला काढावं लागलं.

आयर्व्हिंगचा काका

मॅक घेऊन शिकागोने काय केलं तेही लिहा. तो तिथे असेपर्यंत प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतला) एकही सामना जिंकले नाहीत. आणि चेंडू झेलणारा टायरीक हिल? २०२२ ला कॅन्सस सिटीने त्याला पाच पिकवर मायामीला दिला. त्यांतला २९ वा पिक वापरून वर सरकले आणि ट्रेंट मॅकडफी घेतला. त्याच मोसमात सुपर बोल, पुढच्याही मोसमात सुपर बोल.

मधुरा_प्लेनो

त्यांच्याकडे महोम्ससारखा क्वार्टरबॅक होता, काका. ज्याच्या घरी महोम्स आहे त्याला हिल सोडणं परवडतं.

आता आपल्या पिकचं काय झालं ते बघा. नोव्हेंबरात डॅलसने जेट्सकडून क्विनन विल्यम्स आणला. दिलं काय? मेझी स्मिथ, २०२६ चा दुसऱ्या फेरीचा पिक आणि २०२७ चा पहिल्या फेरीचा पिक: आपला आणि ग्रीन बेचा यांत जो वरचा असेल तो. म्हणजे भविष्यासाठी म्हणून घेतलेलं दोन महिन्यांत पुन्हा तयार खेळाडूवर गेलं. विल्यम्स चांगलाच आहे, मला आवडतो. पण तयार खेळाडूच हवा होता, तर तो ऑगस्टमध्ये आपल्याकडे होता. क्वार्टरबॅकला पाडणारा देऊन मधल्या फळीतले दोघे आणले. बाहेरून धावून येणारं आता कोण आहे, ते काका, तुम्हीच सांगा.

आयर्व्हिंगचा काका

त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही, मधुरा. जॉन्सनने पिक जपले होते, एकेक करून त्यांचे आणखी पिक केले होते. इथे ते जपले नाहीत, हे मान्य. तरी २०२६ चा पिक विल्यम्ससाठी दिला नाही. एप्रिल २०२६ च्या ड्राफ्टमध्ये त्यावर कोण येतो ते बघू, मग या धाग्यावर परत भेटू.