मदत हवी आहे: 'सन ऑफ बीस्ट' खिळखिळा का झाला?

नमस्कार मंडळी,

आम्ही ओहायोत, सिनसिनाटीजवळ राहतो. मुलगा सातवीत आहे. शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याने किंग्ज आयलंड या इथल्या अम्यूझमेंट पार्कमधला 'सन ऑफ बीस्ट' हा लाकडी रोलर कोस्टर निवडलाय, तोही त्याच्या जन्माआधीच बंद पडलेला! मी कॉमर्सवाली, नवरा सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे घरात उजेडच आहे. कोणी मेकॅनिकल, सिव्हिलवाले असाल तर प्लीज मदत करा.

आत्तापर्यंत एवढं जमवलंय. 'बीस्ट' हा त्याच पार्कमधला जुना लाकडी कोस्टर १९७९ चा, तो अजून चालू आहे. त्याचा हा 'मुलगा' २००० साली आला: २१८ फूट उंच, वेग ताशी ७८ मैल. दोनशे फुटांच्या वर गेलेला पहिला लाकडी कोस्टर, वर आणखी ११८ फुटी लूप (गाडी उलटी फिरवणारं गोल वळण). लूप मात्र पोलादी होता. हे कळल्यावर चिरंजीव रुसलेच, "मग लाकडी कसा म्हणायचा?"

९ जुलै २००६ ला आधाराचं लाकूड तुटलं, गाडीला जबर दणका बसला आणि २७ जण जखमी झाले. मग लूप काढला, हलक्या गाड्या आणल्या (त्याही मर्टल बीचच्या एका बंद झालेल्या कोस्टरच्या, म्हणजे सेकंडहँड) आणि ४ जुलै २००७ ला पुन्हा सुरू केला. जून २००९ मध्ये एका बाईंनी डोक्याला इजा झाल्याची तक्रार केली, तेव्हा बंद झाला तो कायमचाच. तीन वर्षं नुसता उभा होता, २०१२ मध्ये पाडायला घेतला. आता तिथे 'बॅन्शी' आहे, अख्खा पोलादी.

माझा प्रश्न: आधार भलतीकडेच तुटला, मग लूप का काढला? आणि बाप ठणठणीत असताना मुलगाच का गेला?

आमचं आइसक्रीमच्या काड्यांचं मॉडेल काचेच्या गोटीने छान चालत होतं. नवऱ्याने हौसेने त्याच मापाची पोलादी गोळी सोडली, तर दहाव्या फेरीला वळणावरच्या काड्या सुटल्या. शुक्रवारी जमा करायचंय. :(

प्रतिसाद १

ताई, त्या सुटलेल्या काड्या फेकू नका, तेच तुमचं उत्तर आहे!

लाकडी कोस्टरचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्या आणि वर पोलादाची पट्टी. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला रेटते. हा रेटा वजनाच्या पटीत वाढतो, पण वेगाच्या वर्गाच्या पटीत. बीस्टचा वेग ताशी ६५ मैलांच्या आसपास. तेच वळण नि तेवढंच वजन धरलं, तर ७८ ला रेटा जवळजवळ दीडपट! लाकूड थोडं दबतं, बोल्ट सैल होतात, पुढची गाडी आणखी आदळते.

आधीच्या गाड्या जड होत्या. लूप गेल्यावर हलक्या गाड्या वापरता आल्या, खरा फायदा तो.

आणि बीस्ट टेकडीच्या उतारावर बसवलाय. चढ ११० फूट, उतार मात्र १४१ फूट, कारण उरलेलं काम जमीनच करते. मुलाला सगळी उंची लाकडावरच पेलायची होती.

प्रतिसाद २

खूप खूप आभार! आत्ताच स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून बघितलं: काचेची ५ ग्रॅम, पोलादी १७. सुटलेलं वळण तसंच ठेवून शेजारी दोन्ही गोट्या चिकटवतोय.